४८ इंचांचे फूल, ६ इंचांचे कार्ड

नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज या लिलावगृहात मेक्सिकोच्या चित्रकर्ती फ्रिडा काहलो यांचे एक चित्र ५ कोटी ४७ लाख डॉलरना विकले गेले. स्त्री चित्रकाराच्या चित्राला लिलावात मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत ठरली. त्याआधीचा विक्रम अकरा वर्षे एका पांढऱ्या फुलाच्या नावावर होता. अमेरिकन चित्रकर्ती जॉर्जिया ओकीफ यांनी १९३२ साली रंगवलेले हे धोत्र्याचे फूल सदबीजमध्येच २०१४ साली ४ कोटी ४४ लाख डॉलरना गेले होते. काहलोंच्या बातमीबरोबर तेही पुन्हा सगळीकडे झळकले.

ओकीफ यांची फुले बहुतेकांनी पाहिली आहेत ती मात्र भिंतीवर नाही, पोस्टकार्डावर. संग्रहालयाच्या दुकानात गोल फिरणाऱ्या स्टँडवर ती असतात. एखादे आपण उचलतो, पुस्तकात खूण म्हणून ठेवतो, कपाटाच्या दाराला चिकटवतो. कोट्यवधींचे चित्र आणि किरकोळ पैशांचे कार्ड, दोन्हींवर फूल तेच. मग फरक नक्की कशात आहे? आणि हे कार्ड कोणीही छापू शकतो का? या दोन प्रश्नांची उत्तरे वाटतात त्यापेक्षा गुंतागुंतीची आहेत, पण समजायला अवघड नाहीत.

चित्र कोणते, कशासाठी काढले

जॉर्जिया ओकीफ यांचा जन्म १८८७ चा, विस्कॉन्सिनमधल्या सन प्रेरी गावातला. १९८६ मध्ये सँटा फे इथे त्यांचे निधन झाले. आयुष्यभरात त्यांनी फुलांची सुमारे २०० चित्रे काढली. फूल मोठे करून कॅनव्हासभर पसरवण्याचा त्यांचा प्रयोग १९२४ च्या सुमारास सुरू झाला. त्या काळात फुलांचे चित्र म्हटले की टेबल, त्यावर फुलदाणी, तिच्यात गुच्छ अशी मांडणी ठरलेली. ओकीफ यांनी फुलदाणी काढून टाकली, टेबल काढून टाकले आणि एकच फूल इतके जवळ आणले की त्याच्या कडा चौकटीला जाऊन भिडल्या.

यामागचा विचार त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. फूल लहान असते, म्हणून कोणी ते खरोखर पाहत नाही. पाहायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ आपल्याजवळ नसतो. तेव्हा आपण ते इतके मोठे रंगवू की धावपळीतल्या न्यूयॉर्ककरांनाही थांबून पाहावे लागेल, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या चित्रांत मोठा आकार हा नंतर सुचलेला थाट नव्हता. चित्राचा मुद्दाच तो होता.

१९३२ च्या या चित्रातले धोत्र्याचे झाड त्यांना न्यू मेक्सिकोत भेटले. हे फूल संध्याकाळी उमलते, दुसऱ्या दिवशी उन्हात कोमेजते. झाड आपादमस्तक विषारी. खरे फूल तळहातावर मावेल एवढे. कॅनव्हासची उंची मात्र ४८ इंच आणि रुंदी ४० इंच, म्हणजे साधारण १२२ बाय १०२ सेंटिमीटर.

एक दशांश

आता कार्ड हातात घ्या. नेहमीचे चित्रकार्ड साधारण ६ इंच बाय ४ इंचांचे असते. त्यावर हे चित्र न कापता बसवायचे तर ४० इंचांची रुंदी ४ इंचांवर येते आणि ४८ इंचांची उंची ४.८ इंचांवर. लांबीरुंदीत नेमका दहावा हिस्सा. क्षेत्रफळात मात्र शंभरावा हिस्सा, कारण दोन्ही बाजू दहापटीने आक्रसल्या.

शंभर चौरस इंच रंगकाम एका चौरस इंचात कोंबले जाते तेव्हा काहीतरी गाळावेच लागते. चांगल्या छपाईसाठी प्रत्येक इंचात ३०० पिक्सेल लागतात असा सर्वसाधारण दंडक आहे. पिक्सेल म्हणजे डिजिटल प्रतिमेतला सर्वांत लहान चौकोन, ज्याला एकच रंग असतो. या हिशेबाने कार्डावरच्या प्रतिमेत १२०० बाय १४४०, म्हणजे जेमतेम १७ लाख चौकोन येतात. प्रत्येक चौकोन मूळ कॅनव्हासच्या ०.८५ मिलिमीटर तुकड्याचा प्रतिनिधी असतो. त्या तुकड्यात कुंचल्याच्या केसांच्या रेघा असतील, खालच्या थराचा रंग डोकावत असेल, तर त्या सगळ्याची सरासरी काढून एक रंग उरतो.

माझ्या मते यातली मोठी हानी रेघांची नाही. ओकीफ यांचे रंगकाम तसेही गुळगुळीत असते. एक छटा दुसऱ्या छटेत अशी मिसळते की सांधा सापडू नये. हानी होते ती नात्याची. मूळ चित्रासमोर उभे राहिल्यावर फूल तुमच्या धडाएवढे असते. डोळे त्याच्यावरून फिरवावे लागतात, एका पाकळीच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला वेळ लागतो. कार्डावर ते एका नजरेत आटोपते. शिवाय फूल पुन्हा जवळपास त्याच्या निसर्गातल्या मापावर येऊन बसते. ज्या लहानपणापासून चित्रकर्तीने फुलाला सोडवले होते, तेच लहानपण कार्ड त्याला परत देते. मला ही गोष्ट दर वेळी खटकते आणि तरीही मी कार्डे घेते. का, ते पुढे येईलच.

आणखी एक गंमत मापांचीच. १९३६ साली सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योजिका एलिझाबेथ आर्डेन यांनी आपल्या न्यूयॉर्कच्या सलॉनसाठी ओकीफ यांच्याकडून धोत्र्याच्या फुलांचेच एक चित्र १०,००० डॉलर देऊन करून घेतले. ते आता इंडियानापोलिसच्या संग्रहालयात आहे. ते जवळजवळ ७ फूट रुंद आहे. स्टँडवर ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर सारख्याच मापाची दिसतील. कार्डांच्या जगात सगळी चित्रे एकाच उंचीची असतात. म्हणून कार्डाच्या पाठीवर बारीक अक्षरात दिलेले माप वाचायची सवय लावून घ्यावी. पुढच्या बाजूने लपवलेली गोष्ट मागची बाजू सांगून टाकते.

पांढरा रंग छापलाच जात नाही

छापखान्यात रंगीत चित्र चार शाईंनी तयार होते: निळसर सायन, गुलाबीजांभळा मॅजेंटा, पिवळा आणि काळा. यालाच फोर कलर म्हणतात. प्रत्येक शाई बारीक ठिपक्यांच्या रूपात कागदावर उतरते. ठिपके मोठे असले तर रंग गडद, लहान असले तर फिका. कार्ड भिंगाखाली धरले की हे ठिपके आणि त्यांच्या चिमुकल्या गोल नक्ष्या स्पष्ट दिसतात. चांगल्या ऑफसेट छपाईत एका इंचात ठिपक्यांच्या १५० ते १७५ ओळी असतात, म्हणून साध्या डोळ्याला ते एकजीव वाटतात.

या चार शाईंमध्ये पांढरी नाही. कार्डावर जिथे पांढरे दिसते तिथे बहुतेक वेळा काहीही छापलेले नसते. तो कागद असतो. आता विचार करा, चित्र पांढऱ्या फुलाचे आहे! चित्रातला अर्ध्याहून अधिक महत्त्वाचा भाग छापणाऱ्याच्या हातात नाही, तो कागद बनवणाऱ्याच्या हातात आहे.

ओकीफ यांचा पांढरा हा सरळ पांढरा नाही. पाकळ्यांच्या घड्यांत हिरवट, पिवळसर, निळसर करडी झाक आहे आणि त्या झाकांमुळेच फूल फिरत असल्यासारखे वाटते. या फिक्या झाका छापायच्या म्हणजे पांढऱ्या कागदावर अगदी लहान, विरळ ठिपके टाकायचे. फोर कलरमध्ये हाच सगळ्यांत नाजूक भाग. ठिपका थोडा पसरला की पाकळी मळकट होते, थोडा कमी पडला की घडीच नाहीशी होते आणि फूल कागदाच्या कात्रणासारखे सपाट दिसते.

कागदाचा स्वतःचा रंगही मध्ये येतो. बाजारातल्या बऱ्याच पांढऱ्याशुभ्र आर्ट कार्डात चमक आणणारी रसायने मिसळलेली असतात. ती डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. दिवसाच्या उजेडात असा कागद झगझगीत पांढरा दिसतो, अतिनील किरण नसलेल्या दिव्याखाली तोच फिका पडतो. म्हणजे दुकानात आवडलेले फूल घरच्या दिव्याखाली वेगळे दिसले तर तो तुमच्या डोळ्यांचा दोष नाही.

लाल आणि नारिंगीची अडचण वेगळी आहे. ओकीफ यांनी १९२७ मध्ये रंगवलेली लालकेशरी पॉपीची फुले मिनियापोलिसच्या वाइसमन संग्रहालयात आहेत. अशा तळपत्या रंगांपर्यंत चार शाईंचे मिश्रण पोहोचतच नाही. गळ्यातून निघणारी मींड हार्मोनियमवर वाजवायला गेले तर दोन पट्ट्यांमधला सूर सापडत नाही, तशी ही गत. वाजवणारा कितीही तयारीचा असला तरी पेटीला जे नाही ते नाही. मग छापणारा जवळात जवळचा रंग शोधतो आणि बाकीचे रंगही त्याच्या बेताने थोडे खाली उतरवतो, म्हणजे त्यांचे एकमेकांशी नाते टिकते. कसबी छापखाना ओळखायचा तो यावरून. एकेक रंग तंतोतंत जुळवण्याच्या हट्टापेक्षा रंगांमधली अंतरे सांभाळणे महत्त्वाचे.

काही ठिकाणी चारऐवजी आठ, दहा किंवा त्याहून जास्त शाई वापरणारी इंकजेट छपाई करतात. तिचा पल्ला मोठा असतो, प्रतीमागचा खर्चही जास्त. कार्डावर किंवा पाकिटावर ‘फाइन आर्ट’ लिहिलेले असले म्हणजे हीच पद्धत वापरली असेल असे मात्र समजू नका. त्या दोन शब्दांना कसलीही कायदेशीर व्याख्या नाही. शब्दांपेक्षा कागद आणि ठिपके पाहावेत.

फोटो कोणी काढला

छपाईच्या आधी चित्राचा फोटो लागतो, आणि चित्राचा फोटो काढणे हे स्वतंत्र कसब आहे. तैलचित्राचा पृष्ठभाग चकाकतो. ती चकाकी मारण्यासाठी दिव्यांवर आणि लेन्सवर खास फिल्टर लावून प्रकाशाची दिशा आवरली जाते. चित्रासोबत रंगांची एक प्रमाणित पट्टी ठेवून तिचाही फोटो घेतात. संगणकावर रंग जुळवताना तीच आधार असते. मग प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, निघतो, आणि जिथे काम मन लावून होते तिथे ते प्रूफ प्रत्यक्ष चित्राशेजारी धरून पाहिले जाते.

चकाकी मारली की त्याबरोबर पृष्ठभागाचा उंचसखलपणाही बराचसा पुसला जातो. ओकीफ यांच्या चित्रांबाबत याची एक विलक्षण बाजू आहे. त्यांच्या अनेक चित्रांवर टाचणीच्या टोकाएवढे बारीक फोड दिसतात. ते वाळवंटातल्या वाळूचे कण असावेत, असे एकेकाळी वाटत असे. तपासणीत निघाले वेगळेच: रंगातले शिशासारखे धातू आणि तेलातली आम्ले यांच्या संयोगाने साबणासारखे पदार्थ तयार होतात, ते एकत्र येऊन रंगाचा थर वर उचलतात. सँटा फेचे जॉर्जिया ओकीफ म्युझियम आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ यांनी मिळून हे फोड हातात धरता येईल अशा साध्या उपकरणाने मोजण्याची पद्धत तयार केली. २०१९ मध्ये ती जाहीर झाली. चित्र जिवंत वस्तूसारखे बदलत असते. कार्ड त्याचा एका दिवसाचा चेहरा दाखवते, तोही फोड झाकून.

मग कार्डावर टिकते काय? टिकते ती चौकट. फूल कुठे कापायचे, कोणती पाकळी बाहेर जाऊ द्यायची, मधला भाग किती वर ठेवायचा, हे ओकीफ यांचे निर्णय जसेच्या तसे कार्डावर येतात. हे निर्णय मुळात छायाचित्रणाच्या सहवासातले आहेत. त्यांचे पती आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हे मोठे छायाचित्रकार होते, आणि पॉल स्ट्रँड यांची अगदी जवळून टिपलेली छायाचित्रे ओकीफ यांनी पाहिली होती. कॅमेऱ्याच्या नजरेतून काही शिकलेले चित्र पुन्हा कॅमेऱ्यातून गेले तरी त्याचा सांगाडा मोडत नाही. जाड रंगाचे थर हेच ज्यांचे बोलणे आहे त्या चित्रकारांना कार्ड मुके करते. ओकीफ यांचा आवाज ते लहान करते, पण शब्द कळतात. मी कार्डे घेते ती यासाठी.

पण एक अट आहे. कार्डाच्या मापात बसवण्यासाठी कोणी चित्राच्या कडा कापल्या असतील तर तो सांगाडाच गेला. या चित्राचे प्रमाण ६ ला ५, कार्डाचे ६ ला ४. कार्ड कडेपर्यंत भरायचे ठरवले तर रुंदीचा पाचवा हिस्सा कापावा लागतो. म्हणून चारी बाजूंनी किंवा वरखाली पांढरी पट्टी सोडलेले कार्ड जास्त प्रामाणिक. अनेकांना ती पट्टी म्हणजे वाया गेलेली जागा वाटते. प्रत्यक्षात चित्र पूर्ण ठेवण्यासाठी तिचीच गरज असते.

चित्र एकाचे, हक्क दुसऱ्याचा

२०१४ च्या लिलावात हे चित्र विकणारे होते सँटा फेचे जॉर्जिया ओकीफ म्युझियम. नवी चित्रे घेण्यासाठी त्यांना निधी उभा करायचा होता. घेणारे होते आर्कान्सा राज्यातल्या बेंटनव्हिलचे क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालय. आता कॅनव्हास क्रिस्टल ब्रिजेसच्या मालकीचा आहे. तरीही २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या प्रदर्शनासाठी हे चित्र गेले तेव्हा त्याच्या छापील प्रतिमेखाली मालक म्हणून क्रिस्टल ब्रिजेसचे नाव होते, फोटोखाली छायाचित्रकाराचे, आणि कॉपीराइटच्या खुणेपुढे जॉर्जिया ओकीफ म्युझियमचे.

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. कॉपीराइट म्हणजे एखाद्या कलाकृतीच्या प्रती काढण्याचा आणि विकण्याचा हक्क. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याचे कलम २०२ सांगते की वस्तूची मालकी आणि हा हक्क या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. चित्र विकले म्हणून प्रती काढण्याचा हक्क आपोआप विकला जात नाही. तो लेखी करून द्यावा लागतो. मालक चित्र आपल्या भिंतीवर लोकांना दाखवू शकतो, पण त्याची हजार कार्डे छापायची तर हक्कधारकाची परवानगी लागते. ओकीफ यांच्या बाबतीत अमेरिकेत ती परवानगी आर्टिस्ट्स राइट्स सोसायटी या संस्थेमार्फत मिळते. म्हणूनच कार्डाच्या पाठीवर त्या संस्थेचे नाव दिसते.

कलम २०२ आजचे आहे हेही लक्षात ठेवावे. १९४२ मधल्या न्यूयॉर्कच्या एका निकालाने नेमके उलटे म्हटले होते: चित्रकाराने हक्क स्पष्टपणे राखून ठेवला नाही तर चित्राबरोबर प्रती काढण्याचा हक्कही गेला असे धरावे. १९७८ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने हे गृहीतक बदलले. चित्रकारांच्या दृष्टीने हा फार मोठा दिलासा होता, आणि तो मिळायला इतका उशीर लागला याचे मला वाईट वाटते.

‘चित्र इतके जुने आहे, अजून कसला हक्क?’

हा आक्षेप रास्त आहे. १९३२ म्हणजे नव्वद वर्षांहून जास्त झाली. पण अमेरिकेत मुदत मोजण्याच्या दोन वाटा आहेत. १९७८ पूर्वी रीतसर प्रसिद्ध झालेल्या, आणि त्या वेळच्या सूचनेच्या व नूतनीकरणाच्या अटी पाळलेल्या कलाकृतीला प्रसिद्धीपासून ९५ वर्षांचे संरक्षण असते. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या कलाकृती १ जानेवारी २०२६ रोजी सर्वांच्या वापरासाठी मुक्त झाल्या त्या या वाटेने. १९७८ पर्यंत अप्रसिद्ध राहिलेल्या कलाकृतींना मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे. आणि चित्र नुसते प्रदर्शनात टांगले म्हणजे प्रसिद्ध झाले असे कायदा साधारणपणे मानत नाही; प्रती लोकांपर्यंत जाव्या लागतात. म्हणून एकाच चित्रकाराची एकाच वर्षातली दोन चित्रे वेगवेगळ्या वर्षी मुक्त होऊ शकतात.

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये हिशेब सरळ आहे: मृत्यूनंतर ७० वर्षे. ओकीफ १९८६ मध्ये गेल्या, म्हणजे २०५६ च्या अखेरपर्यंत.

‘मग व्हॅन गॉगची सूर्यफुले सगळेच कसे छापतात?’

कारण व्हॅन गॉग १८९० मध्ये गेले. त्यांची चित्रे केव्हाच सर्वांची झाली आहेत. त्यांची सूर्यफुले कप, छत्री, कार्ड, कशावरही दिसतात ती यामुळेच. इथे पुढचा प्रश्न असा की मुक्त चित्राचा संग्रहालयाने काढलेला फोटो वापरता येतो का. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९९९ मध्ये ब्रिजमन विरुद्ध कोरल या खटल्यात म्हटले की सपाट चित्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या फोटोत नवनिर्मिती नसते, त्यामुळे त्याला वेगळा कॉपीराइट नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात जवळपास हीच भूमिका घेतली. मला हा विचार पटतो. फोटो उत्तम काढण्यात कष्ट आहेत, कौशल्य आहे. पण कष्टांच्या मोबदल्यात सगळ्यांच्या झालेल्या चित्राला पुन्हा कुंपण घालणे योग्य नाही.

मुक्त झालेल्या चित्रांची कार्डे बनवणे सोपे, म्हणून त्यांत वाईट कार्डांचे प्रमाणही मोठे. इंटरनेटवरून उचललेली लहानशी प्रतिमा, मनाने भडक केलेला पिवळा, वाटेल तशी काटछाट. परवाना घेऊन छापलेल्या कार्डांचे प्रूफ साधारणपणे हक्कधारकाला दाखवावे लागते आणि काटछाटीलाही परवानगी लागते. हक्काचा हा उपयोग फारसा बोलला जात नाही.

व्हॅन गॉगच्या कार्डांत आणखी एक पेच आहे. मूळ रंगच बदलले आहेत. त्यांनी वापरलेल्या क्रोम पिवळ्याच्या काही प्रकारांवर प्रकाश पडून रासायनिक बदल होतो आणि पिवळा तपकिरीकडे झुकतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. १८९० मध्ये रंगवलेले त्यांचे गुलाब मूळचे गुलाबी होते. लाल रंगद्रव्य उडून गेल्याने आज ते पांढरे दिसतात. कार्डवाल्याने कोणता रंग छापायचा? आजचाच, असे माझे मत. कालचा रंग आपण अंदाजाने ठरवणार, आणि अंदाजाला चित्रकाराची सही लावता येत नाही.

‘विकत घेतलेले कार्ड मी चौकटीत बसवून विकले तर?’

कायदेशीर प्रत एकदा विकली गेली की ती प्रत पुढे विकण्याचा अधिकार घेणाऱ्याला मिळतो. अमेरिकेच्या कायद्यात हे कलम १०९ मध्ये आहे. साध्या चौकटीला अडचण नाही. पण कार्डाचे रूपच बदलले तर? यावर खरेच खटले झाले. एक कंपनी छापील चित्रे विकत घेऊन सिरॅमिकच्या फरशांवर चिकटवून विकत असे. पश्चिमेकडच्या राज्यांसाठी असलेल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १९८८ मध्ये पुस्तकातली पाने कापून केलेल्या अशा फरशा बेकायदा ठरवल्या. शिकागोच्या सातव्या सर्किटने १९९७ मध्ये त्याच कंपनीबद्दल उलटा निकाल दिला. अॅनी ली या चित्रकर्तीची कार्डे फरशीवर चिकटवल्याने चित्र बदलत नाही, तेव्हा नवी कलाकृती झालेली नाही, असे ते म्हणाले. एकाच देशात एकाच फरशीबद्दल दोन मते! आपल्या घरात लावण्यासाठी केले तर प्रश्नच येत नाही. धंदा करायचा असेल तर मात्र आधी वकिलाला विचारावे.

कार्ड स्कॅन करून नवी कार्डे छापणे ही याहून वेगळी गोष्ट. ती नवी प्रत झाली, आणि तिला परवानगी लागतेच. ‘मी रंग थोडे बदलले’ हे उत्तर पुरत नाही.

‘फोनवर तर याहून मोठे करून पाहता येते’

येते, आणि तपशील पाहायला फोन चांगलाच. संग्रहालयांनी संकेतस्थळांवर ठेवलेल्या मोठ्या प्रतिमांत पाकळीची एकेक घडी जवळून दिसते. पण पडदा स्वतः प्रकाश फेकतो, चित्र आणि कार्ड दोन्ही बाहेरचा प्रकाश परतवतात. खोलीतला उजेड मावळला की कार्डावरचे फूलही मावळते, मूळ चित्राचेही तसेच होते. एवढ्या एका बाबतीत कार्ड मूळ चित्राच्या जवळचे नातेवाईक आहे. आणि ते समोर राहते. बोटाने सरकवून पुढे जायचे नसल्यामुळे आठवडाभर तेच फूल येताजाता दिसते. पाहायला वेळ लागतो, असे म्हणणाऱ्या चित्रकर्तीसाठी ही लहान गोष्ट नाही.

कार्ड घेताना आणि ठेवताना

मागची बाजू आधी पाहा. चित्राचे नाव, वर्ष, माध्यम, माप, कोणत्या संग्रहात आहे आणि हक्क कोणाचा, एवढे असेल तर कार्ड काळजीने केलेले असण्याची शक्यता जास्त. पुढच्या बाजूला पांढऱ्या किंवा फिक्या भागांकडे नजर टाका. तिथे छटा वेगळ्या दिसत असतील तर छपाई चांगली. चकचकीत लॅमिनेशन रंग गडद दाखवते पण बोटांचे ठसे आणि दिव्याची तिरीपही दाखवते. फिक्या फुलांसाठी मला मॅट कागद जास्त भावतो.

ऊन हा कार्डाचा शत्रू. ऑफसेटच्या शाईंत पिवळी आणि मॅजेंटा आधी उडतात, सायन आणि काळी मागे राहतात. खिडकीत विसरलेली जुनी चित्रे निळी पडतात ती यामुळे. जपायचेच असेल तर आम्लरहित कागदात, अंधाऱ्या जागी ठेवा. पीव्हीसीचे पाकीट टाळा, ते कालांतराने चिकट होते.

आणि टपालाने पाठवायचे असेल तर? अमेरिकेत १ मार्च १९०७ पासून पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची परवानगी मिळाली, म्हणून चित्राची बाजू पूर्ण मोकळी राहिली. आज वर्गवारीची यंत्रे कार्डावर बारकोड उमटवतात आणि कधी कधी नारिंगी रेघा थेट चित्रावर येतात. चित्र स्वच्छ हवे असेल तर कार्ड पाकिटात घालून पाठवा. मी मात्र तसेच पाठवते. ओकीफ यांच्याच लाल पॉपीचे चित्र अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९६ मध्ये ३२ सेंटच्या तिकिटावर छापले, आणि त्यावर तर सर्रास शिक्के पडले. कार्ड हे हातोहात जाण्यासाठीच केलेले असते. जे जपायचे त्याची दुसरी प्रत घेऊन ठेवावी.